दोन कडू तेलं

जालना
९ फेब्रुवारी

प्रिय चंचल,

माझा जय भीम आणि तुझा जय जिनेंद्र, दोन्ही एकदमच घे. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि आज मला पुरतं बोलायचंय. आधी आनंदाची बातमी. करंजाचं प्रकरण पूर्ण झालं! त्याच्यावाचून माझा प्रबंध अडला होता, अख्खं वर्ष पाण्यात जाणार होतं. ते वाचलं तुझ्या पप्पांमुळे.

वसतिगृहात आपल्या खोलीच्या खिडकीत मी तेलाच्या बाटल्या ठेवायचे आणि तू त्यांना लोणच्याच्या बरण्या म्हणायचीस. त्या बरण्यांचे स्वभाव आता मला माणसांसारखे पाठ झालेत. बायोडिझेल कुठल्याही तेलाचं करा, मूळचा गुण जात नाही. करडईचं थंडीत पातळ राहतं, पण हवा लागली की लवकर बिघडतं. सरकीचं जरा गारठा पडला की गढूळ होतं. एरंडाचं इतकं घट्ट, की पंपानं हात टेकावेत. करंज सगळ्यांत हट्टी. त्याच्या तेलात आम्लच जास्त, ते आधी काढलं नाही तर डिझेल राहतं बाजूला आणि साबण होतो. पण बांधावर आपोआप वाढणारं झाड, कुणाच्या फोडणीचं तेल पळवत नाही, म्हणून माझा जीव त्याच्यावरच.

तुझ्या सांगण्यावरून पप्पांनी भोकरदनच्या दुकानातून पहिला डबा पाठवला तेव्हा मी हरखूनच गेले. मी मागितलं होतं 'कडू तेल', आणि डब्यावरही तेच लिहिलेलं. आम्ल जवळजवळ नाहीच, आणि बायोडिझेल फ्रिजमध्ये ठेवलं तरी स्वच्छ! सर्दीनं माझं नाक बंद, वर मास्क, त्यामुळे वासाचा प्रश्नच नव्हता. सर मात्र म्हणाले, पुन्हा करून दाखव. मग आईनं मंठ्याहून करंजाचं तेल पाठवलं, ते त्याच रीतीनं केलं, तर भांड्यात नुसता साबणाचा लगदा. दोन्हींचे आकडे जुळेनात. खरं कुठलं ते कळल्याशिवाय सर सही करणार नव्हते.

तुला मी फोनवर एवढंच म्हटलं, की तेल काही बरोबर नव्हतं. तू ते पप्पांच्या कानावर घातलंस आणि चौथ्या दिवशी ते बसनं जालन्यात हजर. या वयात, गुडघे दुखत असताना! प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या, डब्यात बोट बुडवून हुंगलं आणि हसायलाच लागले. "पोरी, हे तर सरसूचं हाये. आमच्या घरात कडू तेल म्हंजे हेच. तुमचं कडू म्हंजे करंजाचं, हे ध्यानातच आलं न्हाई बघ. मी बराबर इचारून द्यायला पायजे होतं. गलती माझी हाये." म्हणजे महिनाभर मी मोहरीच्या तेलाला करंज समजून मिरवत होते! पुढच्याच आठवड्यात त्यांनी वाळलेल्या, निवडलेल्या करंजबियांचं तेल स्वतःसमोर गाळून घेतलं आणि ते पाठवलं. मी आधी आम्ल काढलं, मग डिझेल केलं. थंडीत ते गढूळ होतं, पण आहे ते खरं आहे. सरांनी सही केली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आकडे जुळेनात तेव्हा सगळ्यांसमोर मी सरांना सांगितलं होतं, की दुकानदारानं भेसळ करून मला फसवलं. 'व्यापारीच ते,' असंही मी म्हणाले. पप्पा चूक स्वतःच्या अंगावर घेत होते तेव्हा ती सगळी माणसं तिथंच उभी होती, माझ्याकडे बघत होती, आणि मी गप्प राहिले. जाताना पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या जातीवरून कुणी एक शब्द बोललं तर मी किती दिवस जेवत नाही, हे तू पाहिलंयस. तीच मी, चंचल. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांना खरं सांगितलं, पण पप्पांना अजून नाही. उद्या प्रबंध छपाईला जातोय, आभारात पहिलं नाव तुझ्या पप्पांचं, सुरजमल काकांचं आहे. रविवारी भोकरदनला जाऊन त्यांना सगळं सांगणार आहे. ते 'जाऊ दे पोरी' म्हणून मोकळे होतील, म्हणून आधी तुला लिहिलं. तू मला इतक्या सहज सोडणार नाहीस.

रागावलीस तरी तुझीच,
ज्योत्स्ना