स्वेटरमधला बर्फ

सोमवार, ४
आजपासून रोजनिशी. आणि आजपासून पुस्तकातून उष्णता शिकवणं बंद! सगळं कृतीतून. पुढच्या सोमवारी पर्यवेक्षक माझ्या तासाला बसणार. आठवीचं विज्ञान माझ्याकडे ठेवायचं की गणिताच्या बाईंना द्यायचं, हे त्यावर ठरणार. बाईंकडे गेलं तर मला कार्यानुभव, म्हणजे वर्षभर कागदी फुलं. छे! उष्णता म्हणजे माझ्या हातचा मळ.

मंगळवार, ५
वहन. चमच्याच्या टोकाला मेणाने टाचण्या चिकटवल्या, दुसरं टोक मेणबत्तीवर धरलं. टाचण्या पडायला हव्या होत्या, चमचाच पडला. टाचण्या माझ्या बोटांच्या पलीकडे होत्या, त्यामुळे उष्णता आधी माझ्यापर्यंत पोचली. वहन सिद्ध झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बुधवार, ६
बोटाला फोड. बायको म्हणाली, अहो, आधी घरी करून बघत जा. म्हटलं, अनुभवी माणसाला तालीम लागत नाही.

गुरुवार, ७
अभिसरण. मेणबत्तीवर कागदाची चक्री टांगली. गरम हवेने फिरायला हवी. फिरली! मग पेटली. शिपाईकाका बादली घेऊन धावत आले. चक्री विझली, मी भिजलो. वर्गात इतका उत्साह कधी पाहिला नव्हता.

शुक्रवार, ८
सोमवारसाठी हुकमी प्रयोग सुचला! एक बर्फाचा खडा उघड्या ताटलीत, दुसरा बायकोने विणलेल्या स्वेटरमध्ये. स्वेटर गरम, तेव्हा त्यातला आधी वितळणार. फजितीला जागाच नाही. बायको म्हणाली, आधी घरी करून बघा. पुन्हा तेच तुणतुणं!

रविवार, १०
तालीम करणार होतो, देवाशप्पथ. पण मेहुणा आला, सगळा बर्फ सरबतात गेला. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मीही दोन ग्लास घेतले.

सोमवार, ११
भाकीत फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. पर्यवेक्षकांना आत्मविश्वास दिसावा म्हणून खाली सही ठोकली. मागच्या बाकावरची ती मुलगी, जिला मी शंकासुर म्हणतो, म्हणाली, सर, खुंटीवरचा स्वेटर कुठे गरम लागतो? म्हटलं, मधे मधे बोलू नकोस.

तास संपताना ताटलीत नुसतं पाणी. स्वेटर उघडला, तर खडा ठणठणीत! मी म्हणालो, बर्फच सदोष असणार. पर्यवेक्षकांनी शंकासुराला कारण विचारलं. ती म्हणाली, स्वेटर स्वतः ऊब देत नाही, आतली बाहेर जाऊ देत नाही, तशीच बाहेरची आत येऊ देत नाही.

खरं सांगतो, पोरीचा अभिमान वाटला. शेवटी शिकली कुणाकडे?

मंगळवार, १२
विज्ञान बाईंकडे गेलं. वाईट वाटलं, फार. मला कार्यानुभव. कागदी फुलं तरी द्यायची! मुख्याध्यापक म्हणाले, तुमचा स्वेटरवर एवढा विश्वास, तर विणकामापासूनच सुरू करा.

विणकाम म्हणजे काय, हातचा मळ. तरी या खेपेला आधी घरी करून बघतोय. बायको शिकवतेय आणि हसून हसून बेजार झालीय. एक ओळ झाली, ती उसवली.

एक गंमत. सुया आणि लोकर एकाच पिशवीतून काढल्या. लोकर हाताला बरी लागते आणि स्टीलच्या सुया मात्र गारेगार. असं का बरं?

उद्या शंकासुराला विचारतो.