भाऊ, वय सेहेचाळीस, निरोगी

१२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू येतं आणि तुला घाई असते, म्हणून पत्र. मी बरी आहे. म्हणजे उठते, दात घासते, आठवड्यातले तीन दिवस वर्कशॉपमध्ये जाते. मध्यंतरी कात्री हातात धरवत नव्हती, ती आता धरवते. परवा गणवेशाच्या चाळीस बाह्या कापल्या, त्यातल्या दोनच उलट्या निघाल्या. मॅनेजरबाईंनी न रागावता पुन्हा कापड दिलं. आजारी माणसाचा एवढा तरी फायदा.

एक काम आहे. मी जिथे दाखवायला जाते त्या हॉस्पिटलात संशोधन चालू आहे. मेंदूत एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणारे तंतू असतात, त्यांना पांढरा भाग म्हणतात. डिप्रेशन असलेल्यांमध्ये तो बदलतो का, हे ते एमआरआय काढून पाहणार आहेत. मी नाव दिलंय. पेशंटचं एक सख्खं भावंडही त्यांना हवं असतं, हा आजार कधीच न झालेलं. मी फॉर्मवर लिहूनही टाकलं : भाऊ, वय सेहेचाळीस, निरोगी.

खरं सांगू? मला तो फोटो हवाय. सात वर्षं सगळे मला सांगतात, मनावर घेऊ नकोस. तूही. एकदा फोटो हातात आला की तुझ्यासमोर टेबलावर ठेवीन आणि तुझं तोंड बघत बसेन. येशील ना?

वहिनींना नमस्कार. तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे. या खेपेला तो स्वतः घेऊन यावंस.

तुझी
पिटू


२० जानेवारी

चि. पिटूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. माझ्या डोक्यात डोकावून तुझ्या डॉक्टरांच्या हाती काय लागणार? रिकामी खोली दिसेल, ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावलेली. पण तू म्हणतेस तर येतो.

रजेची अडचण नाही. हल्ली मी लिफ्टच्या कामावर जात नाही, साहेबांनी ऑफिसात बसवलंय. बढतीच समज. तुझ्या हॉस्पिटलातल्या मुलीचा फोन आला होता. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का, म्हणे, एमआरआयचं चुंबक तो ओढतं. बावीस वर्षं लिफ्टच्या शाफ्टमध्ये ग्राइंडर चालवणाऱ्याला हे विचारायचं! डोळ्यांचा एक्स-रे काढून पाठवला. स्वच्छ आहेत.

तू मात्र सकाळी उठून फिरायला जात जा. पडून राहिलं की माणूस आणखी पडतो. रागावू नकोस, मोठा आहे म्हणून बोलतो.

तीन तारखेला येतो. माझं झालं की खालच्या कँटीनमध्ये भेटू. चहा तुझ्याकडून, आशीर्वाद माझ्याकडून.

तुझा
दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सहा दिवस झाले, तुझा फोन नाही. शुक्रवारी मी कँटीनमध्ये अडीच तास बसले. शेवटी वर जाऊन विचारलं, तर ती मुलगी म्हणाली की ते केव्हाच गेले. निरोगी भावंडांच्या गटात त्यांना घेता येणार नाही, एवढंच सांगितलं. का, ते सांगेना. आतलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, म्हणाली. काय घोळ घातलास? त्या मुलीची थट्टा केलीस का? माझ्यासाठी अर्धा तास तोंड सांभाळून बसता आलं नाही तुला?

माझा एमआरआय सोमवारी झाला. बोगद्यात पडल्या पडल्या कुणी पत्र्यावर हातोडी मारतंय असा आवाज. नंतर डॉक्टरांना म्हटलं, दाखवा माझं काय बिघडलंय ते. ते भले गृहस्थ आहेत, खोटं बोलले नाहीत. एकट्या माणसाच्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही, म्हणाले. शेकडो जणांचे फोटो एकत्र केले की कुठे थोडासा फरक दिसतो. तो आजाराने पडतो की आजाराच्या आधीपासून असतो, हेही अजून नीट कळलेलं नाही.

म्हणजे तुझ्यासमोर ठेवायला माझ्याकडे आजही काही नाही. तू मात्र भेटून जायला हवं होतंस. लोभाचं काय ते तू ठरव.

पिटू


२६ फेब्रुवारी

चि. पिटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं नाही, उशाशी तसंच पडलं होतं. शेवटी मी उघडलं. माफ कर.

तिकडून आल्यापासून हे अंथरुणातच आहेत. कपडे धुवायला घेतले तर शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी इथल्या डॉक्टरांच्या नावे दिलेली. ह्यांना लवकर तपासावं, असं लिहिलंय. मी दहा वेळा वाचली.

पिटू, बढतीबिढती काही नाही. दोन वर्षांपूर्वी लिफ्ट दुरुस्तीला उघडी असताना ‘बंद आहे’ची पाटी लावायला हे विसरले. एकदा नाही, दोनदा. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. म्हणून त्यांना वरून खाली आणून बसवलं. तेव्हापासून घरी आले की बूट न काढता खुर्चीत बसून राहायचे. तुला सांगू का विचारलं की म्हणायचे, तिचं तिला पुरे आहे. तुला पत्र लिहायचं असलं की दोन-दोन दिवस कागद घेऊन बसायचे. गमतीचं काही सुचलं नाही तर फाडून टाकायचे.

मला काय करावं कळत नाही. हा रस्ता तू चाललेली आहेस. जमलं तर ये. तुझ्यावर माया आहे, आणि आज मला तुझीही हवी आहे.

तुझी
वहिनी


१७ मार्च

चि. पिटूस,
अ. उ. आ.

हिने तुला लिहिलं ते कळलं. रागावलो नाही. रागवायलाही अंगात काहीतरी लागतं.

कँटीनच्या काचेतून तू दिसली होतीस. समोर दोन कप मागवून बसलेली. माझ्याने आत येववलं नाही.

ती मुलगी प्रश्न विचारत होती, मी नेहमीसारखा गमती करत होतो. मग तिने विचारलं की घरात आणखी कुणाला हा त्रास होता का, आईला, वडिलांना? मी म्हणालो, छे, आईला काही नव्हतं, आई आळशी होती. आपल्या घरात म्हणायचे तसंच बाहेर पडलं. आळशी म्हणजे कशा, तिने विचारलं. मी सांगायला लागलो. दिवसभर पडून असायची. जेवायची नाही. केस विंचरायची नाही. भर दुपारी उजेड नको म्हणून चादर तोंडावर ओढायची. असं किती दिवस, म्हणाली. मी म्हणालो, अकरा वर्षं. तिने पेन खाली ठेवलं.

पिटू, तोवर मला खरंच कळलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं.

तुला आठवणार नाही, तू नऊ वर्षांची होतीस. एका रविवारी आई आपणहून उठली. न्हाली. ओल्या केसांनी स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली आणि वाटाणे सोलायला घेतले. बाबा होते, काका होता. मी म्हणालो, अरे वा, आज सूर्य कुठून उगवला? सगळे हसले. तीही जराशी हसली. हातातली शेंग संपवली, हात पुसले आणि आत गेली. त्यानंतर ती पुन्हा कधी स्वयंपाकघरात येऊन बसली का, हे मी रोज आठवून पाहतो. एकही वेळ आठवत नाही.

हे मी त्या मुलीला सांगितलं आणि मग माझं रडणं थांबेना. तिने डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी माझी झोप-भूक विचारली आणि ती चिठ्ठी लिहून दिली. तुला फिरायला जा म्हणून लिहायचो त्याची क्षमा कर. आशीर्वाद देण्याची माझी लायकी नाही, पण दुसरं काय लिहितात ठाऊक नाही.

दादा


२१ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. नऊ दिवस तुझ्याकडे राहिले, तरी जे बोलायचं होतं ते पिशवीत भरून तसंच परत आणलं. डॉक्टरांकडे तुझ्याबरोबर आले, कंपनीत तुझ्या तीन महिन्यांच्या रजेचा अर्ज दिला, वहिनींना गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या. पहिल्या गोळीने गुण आला नाही म्हणून तू मान खाली घातलीस. मला गुण आला तो तिसऱ्या गोळीने, आणि तोही अर्धामुर्धाच. ही आता दुसरी आहे. सोडू नकोस.

आता जे तोंडाने बोलता आलं नाही ते.

मला तो रविवार आठवतो. मी दारात उभी होते. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले, कारण तू काही बोललास की मला हसू यायचंच. आई तुझ्याकडे बघत नव्हती, बाबांकडेही नाही. माझ्याकडे बघत होती.

न्हाणं म्हणजे काय ते मला सात वर्षांत कळलंय. बादली भरेपर्यंत खाली बसावं लागतं. पाणी अंगावर घ्यायचं म्हणून आदल्या दिवसापासून मनाची तयारी करावी लागते. आणि ती तर केस धुऊन आली होती. तेवढ्यासाठी ती किती दिवस धडपडली असेल?

घरात हा आजार कुणाला होता का, असं संशोधनाच्या फॉर्मवर विचारलं होतं, तिथे ‘आई’ या रकान्यात मी ‘होता’ असं लिहिलं होतं. पहिल्यांदा आजारी पडले तेव्हाच मला तिचं कळलं. तुला सांगितलं नाही. तुला तो रविवार आठवत नसेल असं वाटायचं, आणि आठवू नये असंही. तूही माझ्याबद्दल तेच धरून बसला होतास.

आईच्या डोक्याचा फोटो कुणी काढला नाही. काढला असता तरी आपल्या घरात तो कुणी हातात धरला नसता. त्या रविवारच्या हसण्यात तुझा दोष किती आणि माझा किती, हे मी रोज मोजते आणि रोज चुकते.

गुरुवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा वहिनींना बाहेर बसवू नकोस, आत ने. पत्राचं उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. लिहिलंस तर गमतीचं काही सुचलं नाही म्हणून फाडू नकोस, तसंच पाठव.

तुझ्यावर माझा जीव आहे, दादा. पत्राच्या शेवटी लिहायची पद्धत असते, पण मी ते खरंच लिहिलंय.

तुझी
पिटू