कुणाचा उजेड लांब गेला

वरची आळी, दि. ३० एप्रिल २०१९

चि. सौ. झाम्बेतास, अ. उ. आ.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर मी रडते आणि तू ओरडतेस, त्यात मुद्दा राहून जातो. मुद्दा हा, की तुझ्या स्टमाटिस भाऊजींवर खटला भरलाय.

बेटावर दारूचे बाण उडवायला बंदी आल्यापासून ईस्टरच्या शनिवारी आमची वरची आळी आणि खालची आळी लेझरच्या हिरव्या बॅटऱ्यांनी भांडतात, हे तुला ठाऊकच आहे. समोरच्यांच्या चर्चच्या घंटेवर जी आळी आधी उजेड पाडेल ती जिंकली. शनिवारी दिवेलागणीला स्टमाटिस सराव करायला घंटाघरावर चढले. गुडघे कुरकुरतात, पण घंटेचं नाव काढलं की यांच्या अंगात येतं. तेवढ्यात अथेन्सचं विमान उतरायला आलं आणि मध्येच वळून समुद्राकडे गेलं. आम्हाला वाटलं, वारा असेल.

रविवारी चौकात कोकरू भाजत होतं. खालच्या आळीचा पंडेलिस सगळ्यांदेखत म्हणाला की वरच्यांचा उजेड अंजिराच्या झाडापलीकडे जात नाही. झालं! हे उठून ओरडले की झाडाचं काय घेऊन बसलास, काल माझ्या उजेडाने विमानाची काच हिरवी झाली होती. शेजारच्या बाकावर नवा पोलीस अधिकारी जेवत होता. त्याने शांतपणे ताटातलं संपवलं, तोंड पुसलं आणि यांना घेऊन गेला. कहर म्हणजे संध्याकाळी पंडेलिस स्वतःहून ठाण्यात हजर, की उजेड आमचा होता, श्रेय वरच्यांना देऊ नका!

वकीलबाई म्हणतात हा पोरखेळ नाही. विमानाला धोका म्हणजे फौजदारी गुन्हा, आणि कुणाला इजा झाली असेल तर सरळ तुरुंग. तुझी मिर्टो विमान चालवते. तिला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून यांनीच उचललं, तिचे नोनोस, धर्मपिता आहेत हे. एवढ्याशा उजेडाने काही होत नाही असं लिहून दे म्हणावं. ईस्टरला आली नाही ती नाहीच, निदान एवढं करू दे.

लोभ आहेच, उत्तराची घाई कर.
तुझी ताई, एव्हान्थिया


अथेन्स, दि. ४ मे २०१९

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी पोट दुखेस्तोवर हसले. मग ते शनिवारचं विमान पुन्हा वाचलं आणि पत्र खाली ठेवलं.

मिर्टो ईस्टरला येत होती गं. तुम्हाला चकित करायचं म्हणून मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. ते विमान तिचंच, उजव्या खुर्चीत तीच. उतरताना काचेत हिरवं काहीतरी फुटलं आणि तिला पुढचं दिसेना. कॅप्टनने विमान पुन्हा वर घेऊन अथेन्सला परत आणलं म्हणून निभावलं. मागे लेकुरवाळ्या बायका बसल्या होत्या, ताई. तिच्या डाव्या डोळ्यापुढे अजून डाग आहे. डॉक्टर म्हणतात, जाईल किंवा राहील. राहिला तर तिचं उडणं संपलं. उगाच काळजी नको म्हणून तुला कळवलं नाही, आणि हे कुणी केलं ते आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

काल तिला सांगितलं. घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली.

तू म्हणतेस तसं लिहून द्यायला मी तिला सांगणार नाही. ती साक्षीला येईल आणि झालं तेच सांगेल. भाऊजींवर माझा जीव आहे, पण आत्ता त्यांचं नाव काढलं तरी डोकं फिरतं. बढाया मारायच्या यांनी आणि निस्तरायचं पोरीने!

रागावलीस तर रागाव, पण अबोला धरू नकोस.
तुझी झाम्बेता


वरची आळी, दि. २० जून २०१९

चि. सौ. झाम्बेतास, अ. आ.

मिर्टो तुला कोर्टातलं काही सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हापासून हे चौकात गेले नाहीत. समोर ठेवलेली कॉफी गार करून टाकतात. वकीलबाई मात्र खुशीत होत्या. एकाच उजेडावर दोघे हक्क सांगतात, मग तो कुणाचा हे सिद्ध कसं होणार? दोघेही सुटतील, फक्त यांनी तोंड मिटून बसायचं. जन्मात न जमलेली गोष्ट, पण मी शपथ घातली.

मिर्टोने साक्ष दिली. आवाज चढवला नाही, यांच्याकडे पाहिलंही नाही. मग पंडेलिस छाती काढून म्हणाला की बॅटरी त्याची आणि उजेडही त्याचाच. पोरीच्या डोळ्याचं त्याला कळलं होतं, तरी हटला नाही. अभिमान म्हणावा की माया, देव जाणे. न्यायाधीशबाईंनी यांना विचारलं की काही सांगायचंय का. मी मागून खोकले. हे उठलेच, आणि म्हणाले की पंडेलिसचा उजेड अंजिराच्या झाडापलीकडे जात नाही, विमानापर्यंत गेला तो माझाच.

सगळं कोर्ट हसलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची खुमखुमी. हसू थांबेपर्यंत हे तसेच उभे राहिले आणि पुन्हा तेच म्हणाले, या वेळी रडत. मग कुणी हसलं नाही. पंडेलिस गुपचूप खाली बसला.

दीड वर्षाची शिक्षा झाली. पुन्हा काही केलं तरच आत जायचं, पण गुन्हेगार हे नाव लागलं ते लागलंच. बाहेर आल्यावर मिर्टो आमच्यासमोरून निघून गेली. हाक मारायची यांची छाती झाली नाही. शिक्षेपेक्षा तेच यांना लागलंय.

आमच्यावर माया उरली असेल तेवढी राहू दे.
ताई


अथेन्स, दि. ९ जुलै २०१९

ती. नोनोस यांस, मिर्टोचा सा. न. वि. वि.

तुम्ही घाबरट आहात, आधी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहिते.

मी तुमच्यावर भयंकर रागावले होते आणि अजूनही आहे. कितीतरी दिवस डोळे मिटले की हिरवं दिसायचं, आणि मागे बसलेली माणसं आठवायची. वकीलबाईंची युक्ती मला आधीच कळली होती. तुम्ही गप्प बसाल आणि सुटाल हे धरूनच मी आले होते, आणि त्यानंतर तुमच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही हेही ठरलं होतं. तो निश्चय तुम्ही भर कोर्टात मोडलात. थांबले असते तर तुमच्या गळ्यात पडून रडले असते, आणि तेवढं सुख तुम्हाला तेव्हा द्यायचं नव्हतं.

पंडेलिसकाकांना सांगा, खोटी साक्ष हाही गुन्हाच आहे, आणि त्यांचे आभार. मावशीला म्हणावं वांगी तळून ठेव. आईची फार तेलकट होतात, पण हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका.

डाग गेला. काल डॉक्टरांनी परवानगी दिली. शनिवारी संध्याकाळच्या विमानाने येते आहे. तिकीट काढलेलं नाही. उतरताना मला समोरच बघावं लागतं, त्यामुळे हात हलवता येणार नाही. तुम्ही हलवा.

रागासकट लोभ आहे, तो तसाच वाढू द्यावा.
तुमचीच,
मिर्टो