विद्यापीठातील माझा वाटा

मी, कुलपे दुरुस्त करणारा व किल्ल्या बनवणारा, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार विद्यापीठाच्या मागच्या भिंतीलगतची गल्ली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या भावाने तो मागून घेऊन वाचावा.

१. राहते घर मुलीला. भाऊ येऊन आपलाही हक्क सांगेल. त्याला चहा द्यावा, घर देऊ नये.

२. दुकान, कानशी, पकडी व किल्ल्या कापायचे यंत्र जावयाला. यंत्र कुरकुरते, पण काम करते. जावयाला पहिले येतेच, दुसरे शिकावे.

३. विद्यापीठातील माझा वाटा. वाचणाऱ्याने हसू नये. मी त्यांचा 'महत्त्वाचा भागधारक' आहे, असे समाजसंपर्क विभागाने मला सलग सहा वर्षे लेखी कळवले आहे. भागधारक म्हटले की भाग आलाच, म्हणून त्यांच्या सभेत मी तो मागितला. सभेचा विषय होता 'विद्यापीठाची दारे समाजासाठी खुली'. आमच्या गल्लीकडचे दार किती वाजता उघडणार, असे मी विचारले. विभागाचे साहेब म्हणाले, "काका, ते दार नाही हो. हे आपलं बोलण्यातलं दार आहे." टाळ्या झाल्या. जाताना प्रत्येकाला एक पेन मिळाले. ते उमटत नाही. ते भावाला.

आता त्या दाराविषयी. त्यातून विद्यापीठाचा दवाखाना पाच मिनिटांवर होता. नऊ वर्षांपूर्वी सुरक्षेच्या नावाखाली ते बंद झाले. कुलूप मीच बसवले, आणि फार प्रामाणिक असल्यामुळे दोन्ही किल्ल्या जमा करून पावती घेतली. पुढच्याच महिन्यात भर दुपारी बायकोच्या छातीत कळ आली. मी दार ठोठावले. पलीकडून पहारेकरी रडवेल्या आवाजात म्हणाला, "काका, किल्ली ऑफिसात आहे, अन् ऑफिस जेवायला गेलंय." मोठ्या रस्त्याने वळसा घालून पोचेपर्यंत ती गेली होती. त्या ऑफिसचा मला राग आहे. त्या पावतीचा त्याहून जास्त आहे.

तेव्हा माझा भाग मीच ठरवला आहे: ते दार. किल्लीचे दाते हाताला पाठ होते, गेल्या महिन्यात नव्याने कापले. गल्लीत घरे एकेचाळीस. मी गेल्याच्या दिवशीच मुलीने घरोघरी एकेक किल्ली द्यावी. जाता-येता पहारेकऱ्याला नमस्कार करावा, माणूस भला आहे.

४. बेचाळिसावी किल्ली कुलगुरूंना. त्यांना कधी आमच्याकडे यावेसे वाटलेच, तर ते दार त्या बाजूनेही उघडते.

५. त्यांनी कुलूप बदलायचे ठरवलेच, तर या भागात कुलपाचे दुकान एकच आहे. जावयाने जाऊन नवे बसवावे. या वेळी पावती मागू नये.

साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण. सही केली.

साक्षीदार दुसरी: दरवर्षी प्रश्नावली घेऊन येणाऱ्या विद्यापीठातील बाई. कलम तीन त्यांनी दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "काका, मी हे वाचलं नाही असं समजू का?" मी म्हणालो, "वाचलंत, हेच तर हवं होतं." त्यांनी सही केली.

माझी सही: केली.
दिनांक: चार मार्च.
ठिकाण: भिंतीची अलीकडची बाजू.