विचाराधीन खोली

२ मार्च, सकाळी ६.००
आजपासून घर आवरायला सुरुवात. एजंट म्हणतो, रिकामं घर मोठं दिसतं आणि लवकर जातं. गिऱ्हाईक पंधरा तारखेला येणार. अडतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढलेल्या माणसाला तीन खोल्या म्हणजे डाव्या हातचा मळ.
आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि हिचे गुडघे पार गेलेत. शेजारच्या इमारतीतलं तळमजल्याचं घर हिला पसंत पडलंय. तिथला मालक वीस तारखेपर्यंत थांबणार आहे. आपलं विकायचं, ते घ्यायचं. झालं.

३ मार्च
रजिस्टर आखलं. रकाने: अनुक्रमांक, वस्तू, स्थिती, निर्णय. निर्णय चार प्रकारचे: ठेवणे, देणे, टाकणे, विचाराधीन. वस्तू एकही हलली नाही, पण पाया पक्का झाला.

५ मार्च
नोंदलेल्या वस्तू ४१. ठेवणे १२. देणे ०. टाकणे १ (फुटका मग). विचाराधीन २८. संध्याकाळी मग परत आणला. पेनं ठेवायला बरा आहे.
यादीतलं मिक्सरचं भांडं उचलून ही म्हणाली, हे ज्या मिक्सरचं, तो जाऊन दहा वर्षं झाली. म्हटलं, म्हणूनच विचाराधीन.

८ मार्च
वायरींचं खोकं. एकूण ६३. कशाच्या ते कळत नाही. न कळता टाकणं हा बेजबाबदारपणा.
हिने आपलं कपाट दोन तासांत रिकामं केलं. नोंद नाही, काही नाही. मी नाराजी व्यक्त केली, पण ही पिशव्या घेऊन जिन्यात होती. मदतीला जाणारच होतो, पण अनुक्रमांक चुकला असता.

११ मार्च
कमरेत उसण. सक्तीची विश्रांती. पडल्या पडल्या जुनी मासिकं चाळली. एकोणीस अंक 'टाकणे'मधून 'विचाराधीन'मध्ये.

१४ मार्च, दुपारी ४.००
मार्ग सापडला! विचाराधीन सगळं, म्हणजे ३१२ नग, मागच्या खोलीत छतापर्यंत रचलं आणि दार ओढून घेतलं. बाकीच्या दोन खोल्या लख्ख. दार लावल्यावर आत काहीतरी धडाडधूम वाजलं. सामान आपापली जागा घेत असणार.

१५ मार्च
गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको. हॉल आवडला, स्वयंपाकघर आवडलं. मग बाई म्हणाल्या, मागची खोली बघू, सासूबाईंसाठी हवी आहे. म्हटलं, किल्ली हरवलीय. ही म्हणाली, त्या दाराला कुलूपच नाही.
दार आत उघडतं. आत सगळं दारावरच कोसळलेलं. मी ढकललं, गिऱ्हाइकाने ढकललं, एजंटने खांदा लावला. बोटभर फट पडली आणि त्यातून एक वायर बाहेर आली. बाईंनी विचारलं, ही कशाची? मी ती परत आत सरकवली.
जाताना एजंट त्यांना म्हणाला, आलाच आहात तर शेजारी तळमजल्यावर एक घर आहे, तेही बघून घ्या. चांगला माणूस. लोकांची खेप वाया जाऊ देत नाही.

१७ मार्च
सुतार आला. बिजागऱ्या आतून आहेत, दार कापावं लागेल म्हणाला. चांगलं सागवानी दार. विचाराधीन ठेवलं.

१९ मार्च, सकाळी
एजंटचा फोन. तळमजल्याचं घर गेलं. आपल्याच गिऱ्हाइकाने घेतलं. सासूबाईंना तिसरा मजला जडच गेला असता म्हणे. मी तडकलो. मुदत उद्यापर्यंत होती! तो म्हणाला, मालकाने काल तुमच्या मिसेसना फोन करून विचारलं होतं, तुमचं घर जातंय का. त्यांनी खरं ते सांगितलं.
हिने मला काहीच सांगितलं नव्हतं.

१९ मार्च, संध्याकाळी ७.००
ही भाजी घेऊन आली. प्रत्येक मजल्यावर थांबत होती, वर ऐकू येत होतं. मी दारात उभा. खाली जाऊन पिशवी घ्यावी हे सुचेपर्यंत ही वर पोचली होती. फार वाईट वाटलं. म्हटलं, उद्याच सुताराला बोलावतो, आठ दिवसांत सगळी खोली रिकामी करतो, अगदी शप्पथ.
ही खुर्चीत बसून गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, आता आवरा सावकाश. काही घाई नाही.