क्लूनागॅरीची भिंत

२ मार्च, रविवार

नवी वही, नवा सीझन. संकल्प : पोरांवर ओरडायचं नाही. चहात साखर एकच चमचा. क्लूनागॅरीच्या बारा वर्षांखालच्या टीमला काउंटीचा कप मिळवून द्यायचा. तिसरा सगळ्यात सोपा वाटतो.

चर्चमधून थेट मैदानावर. पाऊस. मुलं-मुली धरून टीम जेमतेम होते, पण खेळाडू कमी असले की शिस्त चांगली राहते. नात क्लोडा सगळ्यांच्या पुढे. हर्लिंगची काठी, हर्ली, अशी फिरवते की बघत राहावं. माझ्यावर गेली आहे.

डिम्प्ना लिलिस, आमची सेक्रेटरी, मला बाजूला घेऊन गेली आणि सरावाच्या भिंतीतली भेग दाखवली. म्हणाली, "मॅलकी, ही नाताळात नव्हती." होती, म्हटलं, तू बघितली नव्हतीस. भिंत मी स्वतः बांधलेली आहे. तिच्यावर चेंडू मारून मारून या गावाच्या पिढ्या हर्लिंग शिकल्या. आता सिडनीत आणि बोस्टनमध्ये आहेत, तो भाग वेगळा. आणि भेग कसली? पेन्सिलीची रेघ.

६ मार्च, गुरुवार

पाऊस. रेघेत आता पेन्सिल जाते. थंडीत काँक्रीट आकसतं, कुणालाही विचारा.

शेजारच्या राथफीलाचा कोच पायस गार्वी याचा फोन. गोड बोलतो. "दोन्ही गावांची मिळून एक टीम करू या. आमचं मैदान कोरडं आहे." म्हटलं, पायस, आमची शाळा गेली, पोस्ट गेलं, पब गेला. आता क्लबही तुम्हाला देऊन टाकू? तो म्हणाला, "देऊ नकोस रे बाबा, घेऊन ये." असल्या शब्दांच्या खेळाला मी भुलत नाही.

११ मार्च, मंगळवार

म्हाताऱ्या मिसेस हेहिर गेल्या. पोरांनी क्लबच्या जर्सी घालून, हातात हर्ल्या धरून, शवपेटीच्या दोन्ही बाजूंना रांग केली. आमच्याकडे कुणालाही असंच पोचवतात, तो जन्मात खेळलेला असो-नसो. नंतर क्लबच्या शेडमध्ये चहा आणि हॅम सँडविच. दुसरी जागा राहिलीय कुठे?

लेक ओर्ला गर्दीतून माझ्यापाशी आली. "बाबा, भिंतीचं काउंटीच्या ऑफिसला कळवलंस का?" प्रसंग काय, विषय काय! तिला गप्प केलं आणि उभा राहून यंदाच्या आशांवर चार शब्द बोललो. लोक भारावून गेले. कोणी हूं की चूं केलं नाही.

१७ मार्च, सोमवार

सेंट पॅट्रिकचा दिवस. बाकी गाव मिरवणुकीला, मी मैदानावर. भेगेत सिमेंट भरलं, वरून हिरवा आणि पिवळा पट्टा मारला. क्लबचे रंग. भिंत नव्यासारखी झाली. हे आधीच सुचायला हवं होतं.

शेजारच्या टोबीनच्या मेंढ्या पावसात भिंतीच्या आडोशाला बसतात, नेहमीच्या. आज उघड्यावर भिजत होत्या. त्यांना रंगाचा वास सहन होत नसावा.

२२ मार्च, शनिवार

पिवळा पट्टा मधोमध फाटला. हल्लीचे रंग! ब्रीडा डबा द्यायला आली होती. माझी बायको म्हणून नव्हे, पण बाई फार बारीक बघते. म्हणाली, "मॅलकी, यात तुझी मूठ जाते." करून बघितलं. जाते. पण माझी मूठ लहान आहे.

चेंडू लागला की भिंतीतून पोकळ आवाज येतो. डिम्प्नाचं म्हणणं, भिंत पुढे झुकली आहे. मी मान तिरपी करून बघितली. सरळ दिसली.

२६ मार्च, बुधवार

डिम्प्नाने मला न विचारता भिंतीपुढे धोक्याची नारिंगी पट्टी बांधली. मी सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली आणि घरी आणून चुलीत घातली. वास फार आला. ब्रीडाने सगळ्या खिडक्या उघडल्या.

काउंटीचा माणूस आला तर फाटकाला कुलूप लावणार. कुलूप लागलं की पोरं राथफीलाला जाणार. गेलेली परत येत नाहीत. इथून काय परत आलंय आजवर? हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. इथेही लिहायला नको होतं.

२९ मार्च, शनिवार

प्रॅक्टिसला कोणीही नाही. शिट्टी वाजवून बघितली. फ्लूची साथ दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना गुळण्या करायला सांगितलं. एकाचंही उत्तर नाही, म्हणजे घसे फारच बसलेले असणार.

संध्याकाळी ब्रीडा म्हणाली, "फ्लू नाही रे. सगळी राथफीलाला आहेत. डिम्प्नाने गाड्या ठरवल्या. सगळ्या आया तिच्या बाजूने आहेत." आणि मग हळूच, "मीसुद्धा."

फक्त क्लोडा गेली नाही म्हणे. गाडीत बसेचना. रात्री तिचा फोन : "आजोबा, मी तुझ्याच टीममध्ये."

एक खेळाडू. पण कसला खेळाडू!

४ एप्रिल, शुक्रवार

योजना तयार. उद्या ओर्ला कामावर आहे, क्लोडा घरी. तिला घेऊन मैदानावर जायचं. ती भिंतीवर चेंडू मारेल, मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकेन. बघा म्हणावं, भिंत उभी आहे. सोमवारपर्यंत सगळी परत. ब्रीडाला सांगितलंय, कोंबड्यांचं खाद्य आणायला चाललोय.

रेडिओवर वाऱ्याचा इशारा. आमच्याकडे वारा काय नवीन आहे?

५ एप्रिल, शनिवार

भिंत पडली.

क्लोडा मारत होती. छान मारत होती. फोन शेडमध्ये राहिला होता म्हणून आणायला गेलो. आत पाऊल टाकतो तोच आवाज. लॉरीने खडी ओतावी तसा. बाहेर आलो तर मैदानाच्या टोकाला नुसतं आभाळ दिसत होतं.

ती कुठे दिसेना. ढिगाऱ्याखालून तिच्या जॅकेटची एक बाही बाहेर आलेली. मग ब्लॉक उचलायला लागलो.

टोबीनने शेतातून बघितलं असावं, त्यानेच फोन केले. गाड्यांवर गाड्या आल्या. डिम्प्ना पहिली. राथफीलाच्या मैदानावरून सगळे तसेच उठून आले, आमचे, त्यांचे, पायस गार्वीसुद्धा. रांग केली आणि ब्लॉक हातोहात मागे द्यायला लागले. पोरांना मागे थांबवलं होतं, डोक्यावर हेल्मेटं तशीच. ओर्ला कामाच्या कपड्यांत आली. गुडघ्यांवर बसली आणि माझ्या शेजारी उकरू लागली. माझ्याकडे बघितलं नाही. "क्लोडा, क्लोडा," एवढंच म्हणत होती. जॅकेट मोकळं झालं. आत कोणी नव्हतं. तरी आम्ही उकरतच राहिलो, कारण खाली अजून पुष्कळ ढिगारा होता.

मग मागच्या कुंपणापलीकडून आवाज आला. "मम्मी?"

क्लोडा चिखलात गुडघ्यापर्यंत उभी. हातात चेंडू. तो भिंतीवरून पलीकडे गेला होता आणि ती शोधायला गेली होती. मागे आवाज झाल्यावर घाबरून झुडपात लपली, लोक आले तशी आणखीच आत शिरली. जॅकेट तिने उकडतंय म्हणून भिंतीपाशी टाकलं होतं.

ओर्लाने तिला उचललं. पोरगी रडत नव्हती. आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, मी फार जोरात मारला का रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन गावं.

मी म्हणालो, "पाऊस फार झाला ना यंदा."

८ एप्रिल, मंगळवार

फाटकाला काउंटीचं कुलूप. ओर्ला फोन घेत नाही. ब्रीडा चहा समोर ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते.

ग्रुपवर खुलासा लिहायला घेतला. त्या काळी मिळणारं सिमेंट, ओढ्याचं पाणी, वारा. बरीच कारणं निघाली. सगळी खरी आहेत. मोठ्याने वाचून बघितलं. पाठवलं नाही.

ब्रीडा दारातून ऐकत होती. म्हणाली, "पोरगी रात्री झोपेतून उठते. सॉरी, सॉरी म्हणते." एवढं सांगून गेली.

१२ एप्रिल, शनिवार

राथफीलाला गेलो. मैदान खरंच कोरडं आहे. जाळीबाहेर उभा राहिलो. आमची पोरं त्यांच्या पोरांत मिसळलेली, जर्सीवरूनच काय ती ओळखू येत होती.

त्यांचीही भिंत आहे. पोरं एकेक करून चेंडू मारत होती. क्लोडाची पाळी आली. ती हर्ली खाली टेकून उभी राहिली. पायस म्हणाला, "मार की गं!" ती म्हणाली, "मी हळू मारलं तर चालेल?" आणि चेंडू नुसता पुढे ढकलला. भिंतीपर्यंत पोचलासुद्धा नाही.

फाटक उघडून आत गेलो. डिम्प्ना आडवी येणार असं वाटलं. आली नाही. ओर्ला बाकावरून उठली. भाषण तयार होतं, पण सुरुवातच आठवेना. क्लोडासमोर जाऊन उभा राहिलो.

"तुझ्या चेंडूने पडली नाही," म्हटलं. "भेग मला माहीत होती. सगळ्यांनी सांगितलं होतं. तरी मी तुला तिथे नेलं. माझ्यामुळे झालं ते."

पायसची शिट्टी तोंडातच राहिली.

क्लोडाने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "ही पण पडणार का?"

पायस म्हणाला, "नाही. गेल्याच महिन्यात तपासून घेतली."

"मग आजोबा, सरक ना," ती म्हणाली. "मधे उभा आहेस."