कोनाड्यातला कप

ईट, ता. भूम

तीर्थस्वरूप गुरुलिंगमामांना शिवरंजनीचा शरणार्थ.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामींच्या आवाजाची चौकशी करत नाही, तो इथंही ऐकू येतो. फोनऐवजी पत्र अशासाठी, की तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि आमच्या घरचं सगळं परंड्याच्या बसस्टँडपर्यंत पोचतं.

तुम्ही अप्पांशी भांडून मला बी.एस्सी.ला घातलंत. गेल्या महिन्यातही शेवटच्या परीक्षेसाठी पंधरा दिवस घरी ठेवून घेतलंत. हे उपकार मी विसरणार नाही. घरातली पहिली पदवी वाया जाऊ नये म्हणून मी ती आधी अप्पांवरच वापरली. ते फार खोकायचे. मी क्षय ठरवला (तपासणी व्हायची होती), त्यांची बाज ओसरीत काढली आणि कप वेगळा करून कोनाड्यात ठेवला. अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला "पोरगी शिकलेली हाय" असं सांगत एकटेच चहा पीत राहिले.

मग बेडका तपासायला दवाखान्यातून डबी आणली. अव्वानं, तुमच्या बहिणीनं, ती राखेनं घासली, वर विभूतीची तीन बोटं ओढली. अप्पांनी चार चुळा भरून तीत स्वच्छ थुंकी दिली. भूमचे तपासणीवाले विरेश सर म्हणाले, ही देव्हाऱ्यात ठेवा. जंतू शोधायला छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. मला फार लाज वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः एका डबीत खोकून दाखवलं (मला तीन आठवडे खोकला होताच, पण तो मी जागरणाचा धरला होता). तसंच अप्पांनी दुसऱ्या डबीत खोकलं, आणि दोन्ही डब्या तपासणीला गेल्या.

अप्पांच्या बेडक्यात काही निघालं नाही. त्यांचा खोकला कडब्याच्या धुळीचा. क्षयाचे जंतू माझ्या डबीत निघाले.

हा आजार खोकल्यातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो, कपातून नाही, हेही सरांनी सांगितलं (ते माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं). गोळ्या सुरू झाल्या आहेत, सहा महिने घ्यायच्या. आता तोंडाला रुमाल बांधून ओसरीत मी आहे. माझा कप मीच कोनाड्यात ठेवला होता. अप्पांनी तो उचलून फळीवर स्वतःच्या कपाशेजारी मांडला.

"कपानं पसरत न्हाय म्हनं," ते म्हणाले. "मग च्या माझ्यासंगं पी. हितं वारं हाय."

तुमची,
शिवरंजनी

ता. क. मामी हे पत्र चुलीत घालतील. कागदातूनही पसरत नाही. निदान पुढचं वाचून घाला.

ता. क. तुमच्याकडं मी खिडकी लावून तुमच्या शिवांजलीशेजारी झोपत होते, आणि खोकत होते. तुम्ही तिघंही तपासून घ्या. डबी घासू नका. निकाल फोनवर कळवा, स्पीकरवर टाकलात तरी चालेल. गल्लीत आणखी कोणी खोकत असेल.